चाक हलवून पाह्यल्याशिवाय पार्ट बदलू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की तुमच्या पेपरात खड्ड्यांचे फोटो सुरू होतात, कुठं त्यात बेशरमाचं झाड लावलेलं, कुठं पोट्टे कागदाच्या नावा सोडून राहिले, छान आहे, छापलेच पाहिजे. पण त्याच खड्ड्यातून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजात येते आणि तिथं मालकाचा खिसा कसा फाटतो हे काही छापून येत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझं दारव्हा तालुक्यात रोडला लागून लहानसं गॅरेज आहे, आयटीआय करून २२ वर्षं झाली, हातात पेनापेक्षा पाना जास्त राहिला तेव्हा शुद्धलेखन तुम्ही सांभाळून घ्याल.

मागच्या आठवड्यात एक गुरुजी आले, झेडपीच्या शाळेवर आहेत, छोटी जुनी गाडी. म्हणे, "मिस्त्री, पाय बरं हे, पुढून खडखड येऊन राहिली, दोन महिन्यांपासून डोकं उठवलं तिनं." मग पिशवीतून बिल काढलं. मोठ्या गावच्या एका गॅरेजात पुढचे दोन्ही शॉकअप (धक्के झेलणारे दांडे) नवीन टाकले होते, वरतून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), सगळं मिळून साडेनऊ हजार, आणि खडखड जशीच्या तशी. मी गुरुजींना बाजूला बसवून गाडी गावाबाहेरच्या उखडलेल्या पट्ट्यावर नेली. ब्रेकरवर दोन्ही चाकं सोबत चढली तर आवाज जवळपास नाही, आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखडखड. अर्धा निकाल इथंच लागला. दोन्ही चाकं सारखी वरखाली झाली तर स्टॅबिलायझरच्या, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला जोडणाऱ्या, दांड्याला काही काम नसते, एक वर अन एक खाली झालं की तो पिळला जातो, आणि त्याच्या टोकाची लिंक रॉड ढिली असली की ती बोंबलते.

आता तुम्ही म्हणाल मग त्या मोठ्या गॅरेजवाल्यांना हे काहून नाही दिसलं. मी सांगतो, माझा अंदाज आहे, त्यांनी गाडीची एकच बाजू जॅकवर उचलून पाह्यली असेल. एक बाजू उचलली की तो दांडा पिळून राहतो, लिंक रॉडवर ताण बसतो आणि तिच्यातला सगळा ढिलेपणा लपतो, हातानं हलवली तर हलत नाही, पोरगं म्हणते ओके आहे. ती पाहायची तर चारही चाकं जमिनीवर ठेवून गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यात उतरून खालून पाहा, नाहीतर पुढची दोन्ही चाकं सोबत उचला. मी दोन्ही लिंक खोलल्या, दांडा बाजूला सुतळीनं बांधला आणि अगदी हळू एक चक्कर मारली, आवाज गायब. नवीन दोन टाकल्या, हजार-बाराशेत काम झालं. गुरुजींनी जुने शॉकअप डिक्कीत सांभाळून ठेवले होते (मास्तर लोकांची सवय, पेपरच्या रद्दीसारखं सगळं जपतात), मी दांडी दाबून पाह्यली, जोर एकसारखा लागत होता, तेल कुठं गळलेलं नाही, म्हणजे चांगले होते. वाटलं गुरुजी खूश होतील, तर उलट चिडले, माझ्यावर नाही, त्या साडेनऊ हजारावर.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीतून आवाज आला म्हणजे शॉकअप गेला असं धरून चालू नका, आणि मिस्त्रीनं चाक हलवून, तुमच्या हातानं हलवायला लावून दाखवल्याशिवाय पार्ट बदलायला हो म्हणू नका. आमच्या धंद्यात सगळे चोर नाहीत हो, पण अर्धे जण अंदाजपंचे करतात. अंदाज चुकला की पैसे गिऱ्हाइकाचे जातात, मिस्त्रीचे थोडीच जातात.

आपल्या भागातली एक गंमत सांगतो, ही पुण्या-मुंबईच्या मिस्त्रीला कधी कळणार नाही. एक कृषी केंद्रवाला आला, म्हणे ८० च्या वर गेली की स्टेरिंग हातात थडथडते, एकानं सांगितलं एक्सल गेला, दोन्ही बाजूचे टाका. मी चाकं खोलली तर रिमच्या आतल्या बाजूनं काळ्या मातीचा चिखल वाळून सिमेंट झालेला, एका चाकात तर अर्ध्या विटेएवढा थर. वावरात गाडी नेली होती, वरून पाऊस, मग दोन दिवस ऊन. खुरप्यानं खरवडला, पाण्यानं धुतला, थडथड बंद. मी त्याच्याकडून फक्त धुलाईचे पैसे घेतले, माझी बायको अजूनही ऐकवते की तुम्ही कधी मोठे होणार नाही. तेव्हा स्टेरिंग एका ठराविक स्पीडला थडथडत असेल तर आधी रिम आतून धुवा, मग बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करा, एक्सलचं नाव नंतर काढा. हां, पण तीच थडथड ॲक्सिलरेटर दाबला की येते आणि पाय सोडला की जाते असं असेल तर मात्र एक्सलचा आतला जॉइंट पाहायला पाहिजे.

एक्सल एक्सल म्हणतात तो पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात, त्यावर रबराचा बूट, आत काळं ग्रीस. त्यातला बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट जास्त जातो. ओळखायला मोकळं मैदान शोधा, बाजार भरतो ती जागा चालेल, स्टेरिंग पूर्ण मोडून हळूहळू गोल फिरवा, आधी डावीकडं मग उजवीकडं. कटकटकट असा आवाज आला की जॉइंट गेला समजा. पण तो जायच्या कितीतरी आधी बूट फाटलेला असतो आणि ते कोणी पाहत नाही. बूट फाटला की फिरता फिरता ग्रीस बाहेर उडते, रिमच्या आत काळे फराटे दिसतात, आणि आपल्याकडं मग त्या भोकातून चिखल आत जातो. कपाशीच्या वावरातला चिखल जॉइंटमध्ये गेला की तो पाट्यावर मसाला वाटल्यासारखा लोखंड वाटून काढतो. कटकट सुरू व्हायच्या आत बूट बदलला, जॉइंट धुवून त्याचंच काळं ग्रीस भरलं तर थोडक्यात भागते. ते पिवळं चाकाचं ग्रीस भरू नका, ते त्या कामाचं नाही. आणि एकदा का कटकट लागली की नवा बूट चढवून काही होत नाही, मग जॉइंटच टाकावा लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी खाली वाकून बॅटरी मारून त्या रबराकडं पाह्यलं तर काय बिघडते? पण लोक गाडीच्या वरच्या पेंटवर ओरखडा गेला तर तीन दिवस जेवत नाहीत आणि खाली पाहत नाहीत.

दुसरा आवाज म्हणजे घूंऽऽऽ, स्पीडसोबत वाढत जाणारा, गिअर काढून गाडी नुसती सोडली तरी तसाच. तो चाकाचं बेअरिंग. मोकळ्या रोडवर गाडी जराशी डावीकडं घेतली की भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग, तसंच उलट. मग चाक उचलून हातानं फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की दोन शिवारं आधी कळायचं कोणाची गाडी येऊन राहिली ते, गाडीचं बेअरिंगही तसंच आधी सांगते, पण आता टेपचा आवाज एवढा असते की ऐकणार कोण.

चाक हलवायची रीत सांगून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त लुबाडणूक इथंच होते. चाक उचलल्यावर वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळाच्या १२ अन ६ वर हात. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा). त्यातलं कोणतं, तर कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. मग ९ अन ३ वर धरून हलवा, आडवं खेळलं तर टाय रॉड एंड नाहीतर आतला रॅक एंड, म्हणजे स्टेरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे सांधे. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणारा लोअर आर्म) बसलेली असते तिथं जॅक त्या आर्मखालीच लावायचा, नाहीतर बॉल जॉइंट ताणात राहतो आणि खेळ दिसतच नाही. एवढं करायला पाच मिनिटं लागतात, त्याला मशीन लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. फक्त एक करा साहेब, हे जरूर छापा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी घुसू नये, घोडी (लोखंडी स्टँड) लावावी, दगड-विटा रचून तर अजिबात नाही. वीट भुगा होते. शेजारच्या गावात एक पोरगं थोडक्यात वाचलं, तेव्हापासून माझ्याकडं घोडी लावल्याशिवाय खाली जायची कोणाला परवानगी नाही, मलाही नाही.

आवाज लहान खड्ड्यावर टकटक येतो आणि ब्रेक अगदी हलका दाबून ठेवला की थांबतो असं असेल तर सस्पेन्शनकडं जाऊच नका, ब्रेकचं पॅड नाहीतर कॅलिपरची (ते पॅड दाबणाऱ्या पकडीची) पिन ढिली असते. एकाचा तर स्टेपनीखाली ठेवलेला पाना वाजत होता.

आता बोलेरो अन काळी-पिवळीवाल्यांबद्दल (सवाऱ्या नेणाऱ्या जीपा), कारण आपल्या भागात खरा भार तेच वाहतात. शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हापासून आमच्याकडून यवतमाळ-मूर्तिजापूरकडं जायचं म्हणजे एसटी नाहीतर काळी-पिवळी, लग्नसराईत तर आत किती अन मागं लटकलेले किती याचा हिशोब देवालाच ठाऊक. मागं पाटे (एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात, आणि पाटे मजबूत असतात म्हणून कोणी त्यांच्याकडं पाहत नाही. पाट्याला मागच्या एक्सलशी, म्हणजे दोन्ही चाकांमधल्या आडव्या आसाशी, धरून ठेवतात ते यू बोल्ट, ते ढिले पडले की पाटे आतल्या आत सरकतात, आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो. तो तुटला की मागचा एक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते, मागून येणाऱ्याला दिसते, चालवणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त स्टेरिंग वाकडं धरावं लागते. मग तो अलाइनमेंटवर पैसे घालतो. माझ्याकडं अशी गाडी आली की मी आधी मोजायची टेप घेतो, स्टेरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत मोजतो, डावीकडून अन उजवीकडून. दोन्ही मापांत फरक आला की चोर तिथंच सापडला. टेप नसेल तर सुतळीनं मोजा. नवीन पाटे बसवल्यावर यू बोल्ट दोन-चारशे किलोमीटर चालवून परत एकदा कसावे लागतात, पण गिऱ्हाइक परत येतच नाही, म्हणते "चालून तं राह्यली ना बावा, कायले येऊ."

तुटलेला पाटा वेल्डिंग करून देणारेही आहेत. करू नका. पाट्याच्या लोखंडाला जी लवचिकपणाची ताकद दिलेली असते ती वेल्डिंगच्या उष्णतेनं जाते, तो पुन्हा त्याच जागेच्या बाजूनं तुटणार, आणि तेव्हा गाडी भरलेली असणार. वाकलेला लोअर आर्म गॅसनं लाल करून सरळ करणं हेही त्यातलंच. अन एक पाटा वाढवून टाका म्हणणारे रोज येतात, अरे बाबा पाटा वाढवला म्हणजे भार कुठं उडून जात नाही, तो खाली एक्सलच्या घरावर (बाहेरच्या लोखंडी खोळीवर) अन चाकाच्या बेअरिंगवरच जातो.

मागच्या एक्सलचं आणखी एक. चाकाच्या आतून तेल गळते, ब्रेक लायनर ओलं होते, ब्रेक एका बाजूला ओढतो, मिस्त्री ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलतो, महिन्याभरात परत गळते, परत सील. एका ड्रायव्हरनं तीनदा बदललं होतं. एक्सलच्या घरावर वर एक इवलंसं ब्रीदर असते, तेल तापलं की आतली हवा तिथून बाहेर पडते. त्यात आपली काळी माती भरून बसली की हवा कोंडते आणि सीलमधून तेलाला बाहेर ढकलते. मी तारेनं ब्रीदर साफ केला, चौथं सील टाकलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. या कामाचं कौतुक कोणी करत नाही कारण दिसायला काहीच दिसत नाही.

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या तर माझीही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीचे लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) बदलले, गाडी वर उचललेली, चाकं लटकलेली, तशातच सगळे बोल्ट गच्च कसले आणि गाडी खाली सोडली. चार महिन्यांत बुश फाटले. मी म्हटलं माल डुप्लिकेट निघाला, दुकानदाराशी भांडलो, दुसरे टाकले, तेही फाटले. मग नागपूरला एका म्हाताऱ्या फिटरनं सांगितलं की पोरा, रबराचा बुश गाडीच्या वजनावर कसायचा असतो, लटकत्या चाकावर कसला तर गाडी खाली बसताच तो पिळतो आणि जन्मभर पिळलेलाच राहतो. तेव्हापासून बोल्ट हातानं लावतो, गाडी खाली चाकांवर उतरवतो, जरा हलवून बसू देतो, मग शेवटचा कस. त्या मालकाचं काम मी फुकट करून दिलं, दुकानदाराची माफी मात्र आजवर मागितली नाही, तो आता या पत्रातून समजून घेईल.

माझ्याकडं डाव्या बाजूचा माल उजवीपेक्षा जास्त खपतो, हे मी वहीत पाहून सांगतो. कारण सोपं आहे, आपले आतले रोड एका गाडीपुरते, समोरून गाडी आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्यामुळं डांबराची कड तुटून साइडपट्टी वीतभर खाली बसते. दिवसातून पन्नासदा डावं चाक त्या पायरीवरून उतरते अन चढते. मग डावा बॉल जॉइंट अन डावा लोअर आर्म बुश आधी जाणार नाही तर काय होईल. साइडपट्टीवर मुरूम टाकला तर किती गाड्या वाचतील, पण मुरमाचा फोटो काढायला कोणी येत नाही.

आणि हीच गाडी घेऊन आपला माणूस कारंज्याहून समृद्धीवर चढतो, तिथं १२० ची परवानगी आहे. गावात ३० नं चालवताना जो बॉल जॉइंट नुसता वाजत होता तो १२० ला सुटला तर चाक आडवं पडते, मग ब्रेकही कामाचा नाही अन स्टेरिंगही नाही. समृद्धीला जायच्या आदल्या दिवशी हवा सगळेच पाहतात, मी म्हणतो टायरच्या आतल्या कडेवरून एकदा हात फिरवा. बाहेरून नक्षी चांगली दिसते आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते, कधी तार बाहेर आलेली असते. आतली कड खाल्ली म्हणजे टो नाहीतर कॅम्बर (चाकाचे कोन) बिघडला, कुठंतरी काहीतरी वाकलं किंवा झिजलं. टायरवर जागोजागी खळगे पडलेले लागले तर तिथं मात्र शॉकअपच्या नावानं बोला, गाडीचा तो कोपरा जोरानं दाबून सोडा, एक-दोनदा हलून थांबली तर ठीक, झुलतच राह्यली तर शॉकअप गेला, आणि मग दोन्ही बाजूचे सोबतच बदला. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिला टाय रॉड तसाच ठेवून अलाइनमेंट करणं म्हणजे वाहत्या नाल्यात रेघ ओढणं आहे.

पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेव्हा पक्कं बिल मागा अन त्यावर किती लावला ते वाचा. जुना पार्टही मागून घ्या. देत नसेल तर समजून जा.

आता शेवटी ब्रेकरचं, कारण माझं निम्मं पोट त्यावर चालते अन तरी मी तक्रार करून राहिलो. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे, गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे २५ च्या स्पीडनं गाडी आरामात निघावी, त्यावर पट्टे मारलेले असावे अन आधी बोर्ड असावा. आमच्या गॅरेजच्या अलीकडं शाळेसमोर जो आहे तो वावराच्या धुऱ्यासारखा आहे, हातभर रुंद अन गुडघ्याच्या खालोखाल उंच, डांबराचाच रंग, रात्री दिसत नाही, बोर्ड नाही. शाळा आहे, ब्रेकर पाहिजेच, काढा असं मी म्हणत नाही. लोक त्यावर चढताना शेवटपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात, त्यानं गाडीचं नाक खाली दबते आणि सगळा मार पुढच्या शॉकअपवर बसतो. आधी हळू करून चाक चढताना पाय सोडून द्यायला पाहिजे, पण दिसलाच नाही तर पाय कधी सोडणार? गेल्या पंधरा दिवसांत तीन गाड्या तिथून सरळ माझ्याकडं आल्या, एकीचा लोअर आर्म वाकलेला, दोघींच्या रिम. बांधकाम खात्यावाल्यांना आम्ही दोनदा अर्ज दिले, तुमच्या पेपरात आलं तर कदाचित वाचतील. तो नियमाच्या मापाचा करून द्या, आणि तोवर निदान पांढरे पट्टे तरी मारा. चुना माझ्याकडून घ्या, दिवाळीला घर पोतायला आणलेली अर्धी गोणी पडूनच आहे.

आपला,
एक गॅरेजवाला मिस्त्री
ता. दारव्हा, जि. यवतमाळ